सर्व्हर जोडला जात नाही, तेव्हा नेमकं अडतं कुठे? माइनक्राफ्टविषयी वाचकांचे प्रश्न

सुट्ट्या लागल्या की माइनक्राफ्टविषयीची पत्रं वाढतात आणि निम्म्याहून अधिक पत्रांत एकच वाक्य असतं : ‘सर्व्हर कनेक्ट होत नाही, काय करू?’ एवढ्यावरून निदान करता येत नाही. स्क्रीनवर आलेला संदेश शब्दशः लिहून पाठवा, कारण आपली मागणी कुठपर्यंत जाऊन अडकली ते त्या संदेशातच असतं. ‘अननोन होस्ट’ म्हणजे दिलेल्या नावाचा पत्ताच सापडला नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे कोणत्या तरी यंत्रापर्यंत आपण पोचलो, पण त्या पोर्टवर (संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारावर) ऐकणारं कोणी नव्हतं. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे होकारही आला नाही आणि नकारही. ‘कनेक्शन रीसेट’ म्हणजे जोडणी झाली होती, मधेच तुटली. या चारांचे उपाय वेगवेगळे आहेत. संदेश न वाचता गेम काढून पुन्हा टाकली तर एखाद-दोन जीबी डेटा जातो आणि बिघाड होता तिथेच राहतो.

आणखी एक सूचना. इथे आकडे आणि आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी कळांनीच टाइप करायच्या आहेत.

प्रश्न : माझ्या संगणकावर जावा एडिशनचा सर्व्हर चालवतो. घरात मला आणि बहिणीला खेळता येतं. बाहेरच्या मित्रांना मात्र ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येतं. व्हिडिओ बघून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, फायरवॉलही बंद केली. तरी काही उपयोग नाही. (विद्यार्थी, कराड)

उत्तर : पहिलं काम म्हणजे फायरवॉल पुन्हा चालू करा. ती बंद ठेवून मिळणारं काहीच नाही, धोका मात्र संपूर्ण संगणकाला आहे.

आता मूळ मुद्दा. राउटरच्या पानावर जा. पत्ता सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरवर बहुधा १९२.१६८.२९.१. तिथे ‘स्टेटस’मध्ये ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, दिसेल, तो लिहून घ्या. मग त्याच संगणकावरून ‘माझा आयपी काय’ असा शोध घेऊन बाहेरच्या जगाला तुमचा कोणता पत्ता दिसतो ते पाहा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर राउटरच्या दारातच इंटरनेट आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंगने काम व्हायला हवं. जुळले नाहीत तर तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर बसला आहे.

तो दुसरा राउटर कोणाचा, हे वॅन आयपीवरूनच कळतं. पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर ते सीजीनॅट आहे. आयपी आवृत्ती चारचे पत्ते जगात कमी पडतात, म्हणून इंटरनेट देणारी कंपनी शेकडो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. वॅन आयपी १० ने सुरू होत असेल तरी आपल्याकडच्या केबल-इंटरनेटवर बहुधा तोच प्रकार असतो. अशा वेळी मित्राची मागणी कंपनीच्या यंत्रापाशी येऊन थांबते. ती शेकडो घरांपैकी कोणाकडे पाठवायची, याची नोंद त्या यंत्राकडे नसते. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, मागणी तिथवर पोचतच नाही. व्हिडिओ चुकीचा नव्हता, तो सार्वजनिक पत्ता असलेल्या घरासाठी होता एवढंच.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर भानगड घरातलीच आहे : फायबरवाल्याने बसवलेला डबा आणि त्यामागे तुम्ही विकत आणलेला राउटर, दोघंही राउटरचंच काम करताहेत. विकतचा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका आणि पोर्ट कंपनीच्या डब्यात उघडा. किंवा कंपनीला सांगून त्यांचा डबा ‘ब्रिज’ मोडवर करून घ्या. दोन्ही एकदम करू नका.

सीजीनॅट निघालं तर चार रस्ते आहेत. एक, कंपनीकडून ‘स्टॅटिक पब्लिक आयपी’ मागून घ्या; बऱ्याच कंपन्या दरमहा वेगळे पैसे घेऊन देतात, पण घरगुती प्लॅनवर देतात का हे आधी विचारा. दोन, टेलस्केल किंवा झीरोटियरसारखं खासगी जाळं. हे सॉफ्टवेअर तुमच्या आणि प्रत्येक मित्राच्या संगणकावर बसवायचं, मग सगळे एकाच घरात असल्यासारखे जोडले जातात. टेलस्केलही १०० ने सुरू होणारेच पत्ते देतं, तेव्हा ते पाहून घाबरू नका. तीन, प्लेइटसारखी टनेल सेवा, यात मित्रांना काहीच बसवावं लागत नाही. चार, आयपी आवृत्ती सहा. भारतात मोबाइलवर आणि बऱ्याच फायबर जोडण्यांवर ती असतेच. जावा एडिशनला ती चालते, पत्ता चौकोनी कंसात लिहून पुढे अपूर्णविराम (कोलन) आणि २५५६५ हा जावा एडिशनचा पोर्ट क्रमांक द्यायचा. पण दोन्ही टोकांना आवृत्ती सहा लागते आणि राउटरच्या आवृत्ती सहाच्या फायरवॉलमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागते. ओळखीचे पाच-सहा मित्र असतील तर आमचं मत दुसऱ्या रस्त्याकडे झुकतं, कारण त्यात सर्व्हर साऱ्या जगासमोर उघडा पडत नाही.

उघडाच ठेवायचा असेल तर ‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये ‘व्हाइट-लिस्ट’ ट्रू करा आणि प्रत्येक मित्राचं नाव यादीत घाला. २५५६५ पोर्ट उघडं असलेली यंत्रं शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत चालू असतात. तुमचा पत्ता कोणाला सांगितला नाही म्हणून तो गुप्त राहत नाही. सर्व्हर १.१८.१ पेक्षा जुना असेल तर आणखी जपा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या घटकातली मोठी त्रुटी उघडकीला आली आणि चॅटमधल्या एका ओळीतून सर्व्हरचा ताबा घेता येत होता. १.१८.१ मध्ये ती बुजवली. जुन्या आवृत्त्यांसाठी माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगने वेगळी दुरुस्ती दिली आहे, ती लावल्याशिवाय जुना सर्व्हर बाहेर उघडू नका.

प्रश्न : तीन महिने सर्व्हर छान चालला. परवा लाइट गेली, आल्यावर सगळं सुरू केलं. मी त्याच संगणकावर लोकलहोस्ट टाकून आत जाऊ शकतो, पण मित्रांना ‘कनेक्शन रिफ्यूज्ड : नो फर्दर इन्फर्मेशन’ येतं. आमच्याकडे सार्वजनिक आयपी आहे. (वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या पत्रात निदानापुरतं सगळं आहे. लोकलहोस्टवरून आत जाता येतं, म्हणजे सर्व्हर चालू आहे. मित्रांना नकार मिळतोय, म्हणजे ते कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोचताहेत. तर मग ते यंत्र तुमचं नाही.

लाइट गेल्यावर राउटर बंद पडला, परत आल्यावर त्याने घरातल्या उपकरणांना पत्ते नव्याने वाटले. आधी संगणक १९२.१६८.१.५ होता, आता १.७ झाला असेल आणि १.५ टीव्हीला किंवा आईच्या लॅपटॉपला गेला असेल. पोर्ट फॉरवर्डिंग मात्र अजून १.५ कडेच पाठवतंय. टीव्हीवर २५५६५ पोर्ट ऐकणारं कोणी नाही, तो लगेच नकार देतो. १.५ हा पत्ता कोणालाच मिळाला नसता, तर मित्रांना नकाराऐवजी वीस-तीस सेकंद थांबून ‘टाइम्ड आउट’ आलं असतं.

कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा आणि ‘आयपीव्हीफोर ॲड्रेस’ पाहा. तो राउटरच्या फॉरवर्डिंगमधल्या पत्त्याशी जुळवा. मग राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या) विभागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ (काही राउटरांत ‘स्टॅटिक लीज’ म्हणतात) शोधून संगणकाच्या मॅक पत्त्याला (जोडणीच्या यंत्रभागाच्या स्वतःच्या क्रमांकाला) कायमचा आयपी बांधून द्या. संगणक केबलने जोडला असेल तर केबलचा मॅक, वायफायवर असेल तर वायफायचा. हे दोन वेगळे असतात आणि चूक इथेच होते.

हे ठीक असेल तर बाहेरचा पत्ता तपासा. सार्वजनिक असला तरी तो स्थिर असेलच असं नाही, राउटर पुन्हा सुरू झाला की बदलू शकतो. मित्र जुनाच पत्ता टाकत असतील तर ते एखाद्या अनोळखी ग्राहकाच्या राउटरवर जाऊन धडकत असतील. यावर उपाय ‘डायनॅमिक डीएनएस’ : एक नाव घ्यायचं आणि राउटर पत्ता बदलला की त्या नावाखालची नोंद स्वतः बदलतो. बहुतेक राउटरांत ही सोय आतच असते.

बाहेरून पोर्ट उघडं आहे का हे तपासणारी संकेतस्थळं वापरताना सर्व्हर चालू ठेवा. सर्व्हर बंद असताना तपासलं तर सगळं बरोबर असूनही ‘क्लोज्ड’च दिसतं. आणि घरातूनच स्वतःचा बाहेरचा पत्ता टाकून पाहू नका. पुष्कळ राउटरांना आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणं जमत नाही, तुम्हाला बिघाड दिसेल पण मित्रांना तो नसेल. खात्री करायची तर मोबाइल डेटाच्या हॉटस्पॉटवरून करा.

लोकलहोस्टवरूनही नकार आला असता, तर सर्व्हरच नीट उठलेला नसता. काळ्या खिडकीतल्या नोंदीत ‘फेल्ड टू बाइंड टू पोर्ट’ दिसलं, तर जुना सर्व्हर मागे अजून चालू आहे किंवा ‘सर्व्हर-आयपी’समोर कोणी तरी पत्ता लिहून ठेवला आहे. ती जागा रिकामी हवी. जुना सर्व्हर शोधायला ‘नेटस्टॅट -एएनओ’ चालवा, २५५६५ च्या ओळीत शेवटी असलेला क्रमांक टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये शोधा आणि ती प्रक्रिया थांबवा.

प्रश्न : सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेला. त्यासाठी नवी जावा टाकावी लागली. तेव्हापासून घरातल्याच दुसऱ्या लॅपटॉपवरून ‘टाइम्ड आउट’ येतं. आधी हेच दोन संगणक व्यवस्थित जोडले जात. (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : विंडोजची फायरवॉल परवानगी प्रोग्रॅमच्या फाइलला देते, आणि फाइल ओळखते तिच्या जागेवरून. जावा १७ च्या फोल्डरमधल्या फाइलला दिलेली परवानगी जावा २१ च्या फोल्डरमधल्या फाइलला लागू नसते. नवी जावा पहिल्यांदा चालली तेव्हा परवानगी मागणारी खिडकी आली असणार आणि घाईत ‘कॅन्सल’ दाबलं गेलं असणार. कॅन्सल दाबलं की विंडोज नुसतं गप्प बसत नाही, त्या फाइलविरुद्ध मनाई करणारे नियम लिहून ठेवतं. मनाईचा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो, त्यामुळे नंतर २५५६५ साठी कितीही परवानग्या जोडल्या तरी फरक पडत नाही.

विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून ‘डब्ल्यूएफ डॉट एमएससी’ चालवा. डावीकडे ‘इनबाउंड रूल्स’. यादीत ‘ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’ किंवा ‘जावा प्लॅटफॉर्म एसई बायनरी’ शोधा. लाल खूण असलेल्या, सहसा दोन ओळी असतात, एक टीसीपीची आणि एक यूडीपीची (माहिती पाठवण्याच्या या दोन पद्धती). दोन्ही पुसा. मग ‘न्यू रूल’, ‘पोर्ट’, ‘टीसीपी’, २५५६५, ‘अलाऊ’, आणि फक्त ‘प्रायव्हेट’वर खूण. घरचं वायफाय विंडोजमध्ये ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं असेल तर ते आधी ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर हा नियम लागूच होणार नाही.

तपासायला लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, पुढे सर्व्हरचा आयपी, पुढे ‘-पोर्ट २५५६५’ असं चालवा. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं की रस्ता मोकळा.

जावाच्या आवृत्तीबद्दल इथेच सांगून ठेवतो : माइनक्राफ्ट १.१७ ला जावा १६ लागते, १.१८ पासून १७, आणि १.२०.५ पासून २१. जुन्या जावावर नवा सर्व्हर चालवला तर नोंदीत ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ येतं. सोबत ‘६५.०’ असेल तर तो जावा २१ मागतोय, ‘६१.०’ असेल तर १७.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. गेम विकत घेतली, एकटा खेळतो तेव्हा चालते, पण मित्रांच्या सर्व्हरवर जायचं बटणच फिकं दिसतं आणि ‘मल्टिप्लेअर इज डिसेबल्ड’ असं लिहून येतं. दुकानदाराने संगणक फॉरमॅट करायला सांगितलं. (पालक, सांगली)

उत्तर : फॉरमॅट करू नका, संगणकाला काही झालेलं नाही. मुलाचं मायक्रोसॉफ्ट खातं त्याच्या जन्मतारखेमुळे बालखातं धरलं गेलंय आणि अशा खात्यांना इतरांसोबत खेळण्याची परवानगी पालकांनी द्यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या ‘फॅमिली’ गटात तुम्ही प्रौढ सदस्य म्हणून असायला हवं. तुमच्या खात्याने एक्सबॉक्सच्या संकेतस्थळावर ‘प्रायव्हसी अँड ऑनलाइन सेफ्टी’मध्ये जा, मुलाचं नाव निवडा आणि ‘जॉइन मल्टिप्लेअर गेम्स’ला ‘अलाऊ’ करा. ‘एक्सबॉक्सबाहेरच्या लोकांसोबत खेळणं’ ही परवानगीही तिथेच आहे, तीही लागते. नंतर मुलाला लाँचरमधून बाहेर पडून पुन्हा आत यायला सांगा, त्याशिवाय नवी परवानगी गेमला कळत नाही.

चॅटची परवानगी वेगळी असते. खेळायला हो आणि चॅटला नाही, असं ठेवता येतं. अकराव्या वर्षी अनोळखी सर्व्हरवर चॅट बंद ठेवावं आणि वर्गमित्रांच्या व्हाइटलिस्ट असलेल्या सर्व्हरवरच खेळू द्यावं, असं आमचं ठाम मत आहे. खातं नव्याने काढताना वय वाढवून लिहिण्याचा सल्ला मुलांना मुलांकडूनच मिळतो. तसं केलं तर पालकांच्या हातातल्या या सगळ्याच परवानग्या निघून जातात.

प्रश्न : ‘आउटडेटेड सर्व्हर’ असा संदेश येतो. सर्व्हर मित्राचा आहे. (वाचक, लातूर)

उत्तर : तुमची गेम नवी, त्याचा सर्व्हर जुना. संदेशात सर्व्हरची आवृत्ती लिहिलेली असते. लाँचरमध्ये ‘इन्स्टॉलेशन्स’, ‘न्यू इन्स्टॉलेशन’, तीच आवृत्ती निवडा आणि तिथून खेळा. ‘आउटडेटेड क्लायंट’ आलं तर उलट. १.२० आणि १.२०.१ एकमेकांना चालतात, पण १.२०.१ आणि १.२०.४ चालत नाहीत. शेवटच्या आकड्यावर विसंबू नका.

प्रश्न : रोज संध्याकाळी सात ते दहा या वेळेत दर पाच-दहा मिनिटांनी बाहेर फेकला जातो. कधी ‘टाइम्ड आउट’, कधी ‘कनेक्शन रीसेट’. स्पीड टेस्ट केली तर शंभरच्या शंभर एमबीपीएस येतात. कंपनी म्हणते लाइन उत्तम आहे. (वाचक, पुणे)

उत्तर : स्पीड टेस्ट काही सेकंदांत किती माल वाहून नेला ते सांगते. माइनक्राफ्टला माल फारसा लागत नाही, सलगपणा लागतो. तीस सेकंद काहीच आलं नाही की गेम जोडणी तोडते. तेव्हा मोजायचं ते पाकिटं (माहितीचे छोटे तुकडे) हरवतात का, आणि कुठे.

संध्याकाळी खेळत असतानाच दोन कमांड प्रॉम्प्ट उघडा. एकात ‘पिंग -टी’ आणि राउटरचा पत्ता, दुसऱ्यात ‘पिंग -टी’ आणि ८.८.८.८. बाहेर फेकले गेलात की दोन्ही खिडक्या पाहा.

राउटरच्याच खिडकीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असेल किंवा आकडा एक-दोन मिलिसेकंदांवरून दोनशे-तीनशेवर उडत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा आहे. सोसायटीत सात ते दहा या वेळेत सगळ्यांचे टीव्ही आणि फोन चालू असतात आणि २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावर एकमेकांना न छेदणारी चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. ‘ऑटो’ काढून त्यातलं सर्वांत रिकामं निवडा, किंवा ५ गिगाहर्ट्‌झवर जा. ते भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतं, पण गर्दी कमी. शक्य असेल तर कॅट ५ई केबल ओढा, तिच्यापुढे वायफायच्या सगळ्या युक्त्या फिक्या आहेत.

राउटरची खिडकी शांत आणि ८.८.८.८ ची तुटतेय, तर दोष बाहेर. त्यातही आधी घरातला कोणाचा फोन फोटोंचा बॅकअप चढवत नाही ना ते पाहा. अपलोडची रांग तुंबली की पाकिटं राउटरमध्ये ताटकळतात आणि पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) शेकड्यांत जातं, स्पीड मात्र पूर्ण दिसतो. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ (वाहतुकीला मर्यादा घालणारी सोय) असेल तर अपलोडला मूळ वेगाच्या ८०-९० टक्क्यांची मर्यादा घाला. बॅकअप नसताना तुटत असेल तर ‘पाथपिंग’ चालवा, काही मिनिटं लागतात, आणि त्याचा निकाल वेळेसह कंपनीला पाठवा. मधल्या एखाद्या टप्प्यावर तारे किंवा गळती दिसली आणि पुढच्या टप्प्यांवर नसेल तर तिकडे दुर्लक्ष करा. ते यंत्र फक्त पिंगला उत्तर द्यायला आळस करतंय. गळती एका टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकली तरच ती खरी. असं नेमकं पत्र गेलं की ‘लाइन उत्तम आहे’ हे उत्तर देणं कंपनीला अवघड जातं.

दोन्ही खिडक्या शांत असूनही बाहेर फेकले जात असाल, तर दमलाय तो सर्व्हर. मालकाला नोंदीत ‘कान्ट कीप अप’ दिसतंय का विचारा. सर्व्हरने सेकंदाला २० टिक (जगाच्या हिशेबाच्या फेऱ्या) पूर्ण करायचे असतात, एका टिकला ५० मिलिसेकंद. मागे पडला की सगळ्यांनाच झटके बसतात. ‘व्ह्यू-डिस्टन्स’ मूळचं १० असतं, म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, एकूण ४४१ चंक (जगाचे तुकडे) सांभाळायचे. ते ६ केलं की १३ गुणिले १३, म्हणजे १६९ उरतात. छोट्या संगणकावर एवढ्या एका बदलाने चित्र पालटतं. आणि रॅम आठ जीबी असेल तर सर्व्हरला चार द्या, सात नको. विंडोजला जागा उरली नाही तर तो डिस्कवर लिहीत बसतो आणि लॅग वाढतो.

लाइट क्षणभर जाऊन इन्व्हर्टरवर पडते तेव्हाच तुटत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं ‘नॉर्मल/यूपीएस’ बटण ‘यूपीएस’वर आहे का पाहा. ‘नॉर्मल’मध्ये बदल सावकाश होतो, राउटर आणि फायबरचा डबा बंद पडून पुन्हा उठतात आणि लाइन यायला दोन-तीन मिनिटं जातात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट (बहुधा १२) आणि ॲम्पिअर जुळवा. डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज हवी.

प्रश्न : ‘फेल्ड टू लॉगिन : इनव्हॅलिड सेशन’ येतं. लाँचर पुन्हा सुरू केला की कधी जातं, कधी नाही. संगणक जुना आहे. एकाने सर्व्हरवर ‘ऑनलाइन-मोड’ फॉल्स करायला सांगितलं. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ते करू नका. ऑनलाइन-मोड बंद केला की येणारा खरंच तोच आहे का हे सर्व्हर तपासत नाही. कोणीही तुमचं नाव टाकून तुमच्या अधिकारांसह आत येईल. शिवाय प्रत्येक खेळाडूचा आतला ओळखक्रमांक बदलतो, त्यामुळे पुढच्या वेळी सगळ्यांचं सामान गायब झाल्यासारखं दिसतं: अंगावरचं सामान आणि एंडर पेटीतला ऐवज जुन्या क्रमांकाखाली अडकून पडतो.

साधा ‘इनव्हॅलिड सेशन’ म्हणजे लाँचरने मायक्रोसॉफ्टकडून घेतलेला परवाना शिळा झाला. गेम आणि लाँचर दोन्ही पूर्ण बंद करा, खात्यातून बाहेर पडा, पुन्हा आत या. एकच खातं दोन संगणकांवर वापरत असाल तर ते थांबवा.

पण तुमचा संगणक जुना आहे, म्हणून खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहा. तारीख-वेळ चुकीची असेल तर सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं ‘मुदतबाह्य’ ठरतात आणि लॉगिन फसतं. १.१९ पासून चॅटलाही डिजिटल सही असते, तीही घड्याळावर अवलंबून आहे, त्यामुळे अशा संगणकावर ‘एक्स्पायर्ड प्रोफाइल पब्लिक की’सारखे संदेशही येतात. ‘डेट अँड टाइम’मध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा. रोज बटण बंद केल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे : सीआर२०३२, तीन व्होल्ट, घड्याळवाल्याकडेही मिळतो. संगणकाचा प्लग काढा, सेल बाजूला धरणारी छोटी पट्टी नखाने दाबा, सेल वर येईल. नवा बसवताना अधिक खूण वर. सुरू केल्यावर बायोसमध्ये तारीख एकदा घालून ठेवा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, भाचे पुण्यात. शनिवारी सकाळी एकत्र खेळायचं असतं. सर्व्हर मुंबईत भाड्याने घेतला तर आमच्या मुलांना पाण्याखाली असल्यासारखं सावकाश दिसतं, वारंवार तुटतंही. चांगला प्लॅन घेतला तर फरक पडेल का? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : अंतर महागड्या प्लॅनने कमी होत नाही. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे १२५ मिलिसेकंदांखाली पिंग जाणं अशक्यच. केबल सरळ जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या पुढे.

सर्व्हर लंडनला किंवा फ्रँकफर्टला घ्या. तुम्हाला ऐंशी-नव्वद आणि पुण्याला सव्वाशे-दीडशेच्या घरात मिळेल. सगळा भार एकाच बाजूच्या मुलांवर पडणार नाही. बांधकाम करायला दोनशेपर्यंत पिंग चालतं, तलवारबाजीला नाही. भारत-युरोप वाहतुकीचा मोठा भाग तांबड्या समुद्रातल्या केबलमधून जातो. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे केबल तुटल्या होत्या. असं झालं की वाहतूक लांबून वळते आणि पिंग काही आठवडे चढं राहतं, तेव्हा सर्व्हर तात्पुरता हलवणं हाच मार्ग. म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचे भरा, आणि ‘वर्ल्ड’ फोल्डरची प्रत दर आठवड्याला उतरवून घ्या.

प्रश्न : दोन फोन, एकच वायफाय. एकाने जग उघडलं तरी दुसऱ्याला ‘फ्रेंड्स’मध्ये दिसत नाही. दादाच्या लॅपटॉपवरच्या जगातही जाता येत नाही. (दोन बहिणी, म्हापसा)

उत्तर : जग उघडणाऱ्या फोनवर त्या जगाच्या सेटिंगमध्ये ‘व्हिजिबल टू लॅन प्लेअर्स’ चालू करा. मग दोन्ही फोन खरोखर एकाच वायफायवर आहेत का पाहा. एखादा ‘गेस्ट’ नावाच्या जाळ्यावर असेल तर तो दुसऱ्याला दिसणारच नाही, कारण गेस्ट जाळं उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्यासाठीच असतं. काही राउटरांत मुख्य वायफायवरही ‘एपी आयसोलेशन’ चालू असतं, ते बंद करायला घरातल्या मोठ्यांना सांगा. दोन्ही फोनवर गेमची आवृत्ती एकच हवी. एकाचं प्ले स्टोअर आपोआप अपडेट करत असेल आणि दुसऱ्याचं नसेल, तर तेवढ्यानेही अडतं.

दादाच्या लॅपटॉपवर जावा एडिशन असणार. फोनवर असते ती बेडरॉक. या दोन वेगळ्या गेम आहेत, जावा टीसीपी २५५६५ वर बोलते, बेडरॉक यूडीपी १९१३२ वर, त्या सरळ एकमेकींशी जोडल्या जात नाहीत. दादाने लॅपटॉपवर ‘पेपर’ हा सर्व्हर चालवून त्यात ‘गीझर’ हे प्लगिन घातलं तर तुम्हाला फोनवरून आत जाता येईल. फोनमध्ये ‘सर्व्हर्स’, ‘ॲड सर्व्हर’, लॅपटॉपचा आयपी आणि पोर्ट १९१३२. लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये १९१३२ ची परवानगी देताना ‘यूडीपी’ निवडायला सांगा, टीसीपी निवडलं तर फोनवर ‘अनएबल टू कनेक्ट टू वर्ल्ड’च येत राहील. आणि जावाचं खातं नसताना आत जायचं असेल तर ‘फ्लडगेट’ हे दुसरं प्लगिनही सोबत टाकावं लागेल.